डेटाबेस नव्या ड्राइव्हवर शिफ्ट करताना: पत्ता जुनाच ठेवा, खालची जमीन बदला

पिंपळगाव बसवंत किंवा दिंडोरीकडचं एखादं द्राक्ष पॅकहाऊस घ्या. प्रीकूलिंगच्या खोल्या आणि शीतगृह मिळून ४० तापमान सेन्सर, प्रत्येकाची दर ५ सेकंदांनी एक नोंद. म्हणजे एका सेन्सरच्या दिवसाला १७,२८० आणि सगळ्यांच्या मिळून ६,९१,२०० ओळी. हंगाम १२० दिवसांचा धरला तर ८ कोटी २९ लाख. त्यात पेटीपेटीचा बारकोड, प्लॉटचा नोंदणी क्रमांक, पॅलेटचं वजन, आणि कुणीतरी हौसेनं डेटाबेसमध्येच साठवलेले कंटेनरचे फोटो. चार-पाच हंगामांत सर्व्हरची १ टीबीची हार्ड डिस्क गळ्यापर्यंत येते. मग मालक म्हणतात, "नवी एसएसडी आणलीय, डेटा तिकडे टाकून द्या. कॉपी-पेस्टच तर आहे!"

आहे कॉपी-पेस्टच. पण चालू डेटाबेसची फाइल कॉपी करणं म्हणजे कांद्याचा ट्रॅक्टर काट्यावर चढत असतानाच वजन लिहून घेण्यासारखं. पुढची चाकं वर, मागची खाली, आणि आकडा मात्र पावतीवर छापून मोकळा. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरचं इनोडीबी इंजिन (साठवणीचं काम करणारा भाग) डेटा १६ केबीच्या पानांमध्ये ठेवतं. बदललेली पानं आधी मेमरीत राहतात आणि सवडीनं डिस्कवर उतरतात. त्या बदलांची नोंद तेवढी लगेच रीडू लॉगमध्ये होते. ४०० जीबीची फाइल कॉपी व्हायला तासभर लागला, तर फाइलची सुरुवात रात्री ११ ची आणि शेवट १२ चा. अशी फाइल उघडतेही कधीकधी, आणि तीच खरी पंचाईत, कारण बिघाड पुढच्या महिन्यात कुठल्यातरी रिपोर्टमध्ये सापडतो.

पुढचं सगळं उबुंटू (लिनक्स) सर्व्हर, मायएसक्यूएल ८.० आणि ६०० जीबी डेटा धरून लिहिलं आहे. आज्ञा आणि फोल्डरची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टर्मिनलवर ती रोमन अक्षरांतच टाकायची.

आधी मोजमाप

डेटा किती आहे हे 'डीयू' या जागा मोजणाऱ्या आज्ञेनं बघा, पण तो कुठे कुठे आहे हे मायएसक्यूएललाच विचारा. 'डेटाडिर', 'लॉग बिन बेसनेम' आणि 'इनोडीबी डेटा होम डिर' ही तीन व्हेरिएबल्स पाहिली की कळतं की बायनरी लॉग (डेटाबेसमधल्या बदलांची क्रमवार नोंद) डिस्कच्या भलत्याच पार्टिशनवर, म्हणजे भागावर, आहेत का. आधीच्या माणसानं जागा संपली म्हणून एखादं टेबल दुसरीकडे टाकलेलं असतं आणि कुणाला सांगितलेलं नसतं, तेही इथेच शोधायचं. बायनरी लॉग ८.० मध्ये मुळातच ३० दिवस राहतात, आणि भरपूर लिखाण असलेल्या सर्व्हरवर तेच दीड-दोनशे जीबी खाऊन बसतात. रेप्लिका (मूळ सर्व्हरची सतत अद्ययावत राहणारी दुसरी प्रत) नसेल आणि बॅकअप ताजा असेल, तर हलवण्याआधी 'पर्ज बायनरी लॉग्ज' आज्ञेनं जुने काढून टाका. हातानं फाइली उडवू नका. लॉगची यादी वेगळ्या इंडेक्स फाइलमध्ये असते, ती जुनीच राहते आणि गोंधळ होतो.

आता वेळ. ७२०० आरपीएमची साटा डिस्क सलग वाचताना सेकंदाला साधारण १२० ते १५० एमबी देते. १२० धरले तर ६०० जीबीला ५,००० सेकंद, म्हणजे ८३ मिनिटं. नवी एनव्हीएमई ड्राइव्ह (वेगवान एसएसडी) कितीही पळणारी असो, वेग ठरतो जुन्या डिस्कवर. पाइप जिथे अरुंद, तिथला प्रवाह. नवी ड्राइव्ह तात्पुरती बाहेरच्या डब्यात घालून यूएसबी २ च्या पोर्टला लावली असेल, तर सेकंदाला ३०-३५ एमबीच मिळतात आणि तेच काम पाच तासांवर जातं. पोर्ट यूएसबी ३ चा असला तरी केबल जुनी असेल तर तीच गत. हे सगळं कागदावर मांडण्यापेक्षा २० जीबीची एक फाइल नव्या ड्राइव्हवर टाकून घड्याळ लावून बघा.

त्या चाचणीत स्वस्त एसएसडीचं पितळही उघडं पडतं. क्यूएलसी चिप असलेल्या ड्राइव्हचा थोडा भाग वेगवान कॅशसारखा वापरला जातो. तो भरेपर्यंत खोक्यावरचा वेग मिळतो, भरल्यावर कधीकधी हार्ड डिस्कच्याही खाली घसरतो. २० जीबीला झकास आणि २०० जीबीनंतर रडगाणं असं दिसलं, तर ती ड्राइव्ह डेटाबेसला नको. दुसरी गोष्ट पॉवर-लॉस प्रोटेक्शन, म्हणजे वीज गेली तरी हातातलं लिखाण पूर्ण करण्याची सोय. मायएसक्यूएल प्रत्येक कमिटला (बदल पक्का करताना) 'डिस्कवर खरंच उतरलं का' असं विचारतं आणि उत्तर येईपर्यंत थांबतं. कपॅसिटर असलेली सर्व्हर दर्जाची एसएसडी हे उत्तर पटकन देते, घरगुती ड्राइव्हला प्रत्येक वेळी फ्लॅशमध्ये लिहावं लागतं. त्यामुळे फाइल कॉपीला दोन्ही सारख्याच वाटतात आणि रोजच्या पावत्या करताना फरक जाणवतो. हार्ड डिस्कच घ्यायची असेल तर एसएमआर प्रकारची टाळा. तिच्यावरचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, मधलं एक बदलायचं तर शेजारचीही पुन्हा लिहावी लागतात.

जुन्या डिस्कची तब्येतही आधीच 'स्मार्टसीटीएल'नं तपासा. 'करंट पेंडिंग सेक्टर' (डिस्कचे नीट वाचता न आलेले तुकडे) यासमोर शून्य नसेल, तर शिफ्टिंगचं वेळापत्रक बाजूला ठेवून पहिल्यांदा बॅकअप घ्या. पाच वर्षं निवांत चाललेल्या डिस्कला एप्रिलच्या उन्हात, पंखा नसलेल्या खोलीत, सलग दीड तास वाचायला लावणं ही तिची परीक्षाच असते. आणि अशी कामं मुळात हंगामात काढूच नयेत. खरड छाटणी (हंगामानंतरची छाटणी) उरकून पॅकहाऊस रिकामं असतं, तेव्हा चार तास सर्व्हर बंद ठेवला तरी कुणाची हरकत नसते.

फाइलसिस्टिम (ड्राइव्हवर फाइली मांडण्याची पद्धत) एक्सटी४ किंवा एक्सएफएस, दोन्ही चालतात. एक्सटी४ मात्र ५ टक्के जागा रूट युजरसाठी, म्हणजे मुख्य प्रशासकासाठी, राखून ठेवतं. २ टीबीच्या ड्राइव्हवर ते १०० जीबी होतात. डेटाच्या ड्राइव्हला एवढ्या राखीव जागेची गरज नसते, 'ट्यून२एफएस'नं १ टक्क्यावर आणा. एनटीएफएस किंवा एक्सफॅटवर डेटा ठेवू नका, तात्पुरताही नाही. लिनक्सची मालकी आणि परवानग्या तिथे नीट टिकत नाहीत.

पत्ता बदलायचा की ड्राइव्ह?

बहुतेक जण डेटा नव्या फोल्डरमध्ये नेतात आणि कॉन्फिगमध्ये 'डेटाडिर'ची ओळ बदलतात. सर्व्हिस सुरू होत नाही. लॉगमध्ये 'एरकोड १३, परमिशन डिनाइड'. फोल्डरची मालकी तपासली तर बरोबर, परवानग्या बरोबर. मग वैतागून सगळ्याला ७७७, म्हणजे कुणालाही काहीही करायची, परवानगी दिली जाते, तरी तेच. कारण नकार फाइलसिस्टिमचा नसतोच. उबुंटूतलं ॲपआर्मर मायएसक्यूएलला ठरावीक फोल्डरांपलीकडे हात लावू देत नाही, आणि '/व्हार/लिब/मायएसक्यूएल' त्या यादीत असतं, तुमचं नवं फोल्डर नसतं. कर्नलचा लॉग उघडला की 'ॲपआर्मर' आणि 'डिनाइड' हे दोन शब्द एकाच ओळीत दिसतात. जुन्या जागी सिमलिंक (नव्या फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण) ठेवली तरी सुटका नाही, कारण ॲपआर्मर लिंकच्या पलीकडचा खरा पत्ता बघतं. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर हेच काम एसई-लिनक्स करतं, तिथे फोल्डरला मायएसक्यूएलचं लेबल लावावं लागतं.

ॲपआर्मरच्या 'एलियस' फाइलमध्ये एक ओळ टाकून हे सुटतं. पण आमचं मत स्पष्ट आहे: पत्ता बदलूच नका. नवी ड्राइव्ह जुन्याच पत्त्यावर माउंट करा, म्हणजे त्या फोल्डरच्या जागी जोडा. मायएसक्यूएलला, ॲपआर्मरला, बॅकअपच्या स्क्रिप्टला, कुणालाच काही सांगावं लागत नाही. घराचा नंबर तोच, पाया तेवढा नवा.

यात एक खाच आहे. एक्सटी४ च्या मुळाशी 'लॉस्ट+फाउंड' नावाचं फोल्डर असतं, आणि मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्या त्यालाही डेटाबेस समजतात. म्हणून ड्राइव्ह आधी '/नवा' सारख्या जागी माउंट करायची, तिच्यात 'मायएसक्यूएल' हे उपफोल्डर करायचं, आणि ते उपफोल्डर बाइंड माउंटनं (एक फोल्डर दुसऱ्या पत्त्यावरही दाखवण्याची सोय) जुन्या पत्त्यावर आणायचं. 'एफएसटॅब'मध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना काय कुठे माउंट करायचं त्या यादीत, दोन ओळी होतात. पहिल्या ओळीत ड्राइव्हचं नाव 'एसडीबी' असं लिहू नका, यूयूआयडी, म्हणजे तिचा न बदलणारा ओळख क्रमांक, लिहा. पुढे कुणी आणखी एक डिस्क जोडली की 'एसडीबी' ची 'एसडीसी' झालेली असते.

कॉपी दोनदा

पहिली फेरी सर्व्हर चालू असतानाच. 'आरसिंक' या कॉपी करणाऱ्या आज्ञेला आर्काइव्ह पर्याय द्या म्हणजे मालकी, परवानग्या आणि वेळा जशाच्या तशा जातात. वेगमर्यादाही घाला, सेकंदाला ५०-६० एमबी, नाहीतर कॉपी सगळी डिस्क ओढून घेते आणि बारकोड स्कॅन करणाऱ्या मुलीच्या स्क्रीनवर चक्र फिरत राहतं. ही प्रत वापरण्याजोगी नसते. ट्रॅक्टर काट्यावर चढतानाचीच ती. हेतू एवढाच की न बदलणारं सामान आधीच पलीकडे पोहोचावं.

इथे तिरप्या रेघेकडे डोळे उघडे ठेवून बघा. मूळ फोल्डरच्या नावाशेवटी तिरपी रेघ असेल तर आतला ऐवज कॉपी होतो, नसेल तर फोल्डरसकट. रेघ विसरलात की '/नवा/मायएसक्यूएल/मायएसक्यूएल' असं फोल्डरात फोल्डर तयार होतं, आणि तीनेक तासांनंतर ते कळतं. तसं झालंच तर पुन्हा कॉपी करत बसू नका. एकाच ड्राइव्हवर फोल्डर सरकवायला क्षणभरही लागत नाही.

आरसिंक संपल्यावर एक्झिट कोड (काम कसं संपलं ते सांगणारा आकडा) पाहा. पहिल्या फेरीत २४ आला तर बिघडलं नाही, कॉपी चालू असताना एखादी तात्पुरती फाइल नाहीशी झाली एवढाच त्याचा अर्थ. २३ म्हणजे काही फाइली गेल्याच नाहीत, आणि त्याचं कारण बहुधा परवानगी किंवा वाचता न येणारा सेक्टर असतं. शेवटच्या फेरीत शून्यच हवा.

दुसरी फेरी सर्व्हर बंद केल्यावर. आता फक्त फरक जाईल, पाच मिनिटांत होईल, असं गृहीत धरलं जातं आणि इथेच हिशोब चुकतो. आरसिंक फाइलचा आकार आणि वेळ बघून ती बदलली का ते ठरवतं. आणि दोन्ही टोकं एकाच मशीनवर असतील, तर बदललेली फाइल अख्खी पुन्हा कॉपी करतं. इनोडीबीत एक टेबल म्हणजे एक फाइल. सेन्सरच्या नोंदींचं टेबल ४१२ जीबीचं असेल आणि त्यात मधल्या काळात एकच ओळ पडली असेल, तरी ४१२ जीबी पुन्हा निघतात. सेकंदाला १२० एमबीनं ५७ मिनिटं. फक्त फरक लिहिण्याचा पर्याय देता येतो, पण फरक शोधायला जुनी फाइल पूर्ण वाचावीच लागते, त्यामुळे अडथळा जुनी डिस्कच असेल तर हाती फारसं लागत नाही. टेबल महिन्यावार पार्टिशन केलेलं असेल तर मात्र गणित पालटतं. प्रत्येक महिन्याची वेगळी फाइल, जुन्या महिन्यांना कुणी हात लावलेला नाही, दुसऱ्या फेरीत फक्त चालू महिना जातो. पण पार्टिशनिंग शिफ्टिंगच्या रात्री करू नका. ते आधी दोन आठवडे, किंवा नंतर. या फेरीत डिलीटचा पर्याय द्यायला विसरू नका, नाहीतर मधल्या काळात काढून टाकलेल्या फाइली नव्या घरात भुतासारख्या राहतात.

बंद करण्याचा क्रम

डेटाबेसच्या आधी त्याच्यात लिहिणारे थांबवा. बिलिंगचं सॉफ्टवेअर, क्रॉनमधली (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी) कामं, सेन्सरचा गेटवे (नोंदी गोळा करून पुढे पाठवणारं यंत्र). गेटवे मधल्या वेळेतल्या नोंदी स्वतःजवळ धरून ठेवतो की टाकून देतो, हे आधी तपासून घ्या. निर्यातीच्या मालाच्या तापमानाच्या नोंदीत तीन तासांचं भगदाड पडलं, तर खरेदीदाराला उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

बंद करण्याच्या तासभर आधी 'इनोडीबी मॅक्स डर्टी पेजेस पीसीटी' शून्यावर आणा. मेमरीतली बदललेली पानं डिस्कवर उतरू लागतात आणि प्रत्यक्ष बंद होण्याचा वेळ वाचतो. मग सर्व्हिस बंद करा आणि एरर लॉगमध्ये 'शटडाउन कम्प्लीट' ही ओळ येईपर्यंत हात बांधून बसा. दहा मिनिटं लागली तर लागू द्या. 'किल -९' मारलंत तर पुढच्या सुरुवातीला क्रॅश रिकव्हरी होते, आणि नव्या ड्राइव्हवरचा पहिला दिवा लावताना ती कुणालाही नको असते.

दुसरी फेरी झाली की जुन्या फोल्डरचं नाव बदलून 'मायएसक्यूएल-जुना' करा, उडवू नका. त्याच जागी त्याच नावाचं रिकामं फोल्डर करा, त्याला 'सीएचॲटर'नं अपरिवर्तनीय करा, आणि वर नवी ड्राइव्ह माउंट करा. हा अपरिवर्तनीयतेचा खटाटोप कशासाठी? उद्या ड्राइव्ह माउंट झाली नाही, तर त्या पत्त्यावर खालचं रिकामं फोल्डर उघडं पडतं. साध्या इन्स्टॉलेशनमध्ये मायएसक्यूएल सुरूच होत नाही, ते बरं. पण डॉकरमधली (सॉफ्टवेअर वेगळ्या बंदिस्त डब्यात चालवण्याची सोय) मायएसक्यूएलची अधिकृत इमेज, म्हणजे तयार पॅकेज, रिकामं फोल्डर दिसलं की त्यात कोराकरकरीत डेटाबेस मांडून चालू होते. सगळे दिवे हिरवे, आणि टेबलं गायब. शिवाय सिस्टिमडीच्या (सर्व्हिस सुरू-बंद करणारी लिनक्सची यंत्रणा) सर्व्हिसमध्ये 'रिक्वायर्स माउंट्स फॉर' ही ओळ घालून ठेवा, म्हणजे माउंट झाल्याशिवाय डेटाबेस उठणार नाही.

सुरू झाल्यावर लगेच "झालं!" म्हणू नका. बंद करण्याआधी मोठ्या टेबलांच्या ओळी मोजून ठेवलेल्या असतील, त्या पुन्हा मोजा. शेवटच्या पावतीचा क्रमांक आणि वेळ जुळवा. मग मशीन मुद्दाम रीबूट करा. एफएसटॅबमधली एक चुकीची ओळ मशीनला इमर्जन्सी मोडमध्ये अडकवते आणि तिथे बाहेरून लॉगिनही होत नाही. ही चूक आत्ता समोर बसलेले असताना सापडलेली बरी. नाहीतर पावसाळ्यात लाइट जाऊन आली की नाशिकहून पिंपळगावपर्यंत तीसेक किलोमीटर गाडी काढून जावं लागतं. ओळीत 'नोफेल' टाकलं तर ड्राइव्ह माउंट झाली नाही तरी मशीन उठतं. वरची सिस्टिमडीची ओळ आणि नोफेल, दोन्ही एकत्र असावेत.

परत फिरायची वेळही आधी ठरवा. नव्या ड्राइव्हवर पहिली खरी पावती पडली की जुनी प्रत शिळी झाली. त्याआधी काही खटकलं तर माउंट काढा, खालच्या रिकाम्या फोल्डरची अपरिवर्तनीयता काढून ते हटवा, नाव पूर्ववत करा, पाच मिनिटांत जुना संसार चालू. त्यानंतर परतायचं तर मधल्या पावत्या हातानं भराव्या लागतील.

बंद ठेवणं परवडत नसेल तर

जुनी डिस्क एलव्हीएमवर (अनेक डिस्कांचा मिळून एक साठा, म्हणजे 'व्हॉल्यूम ग्रुप', करणारी लिनक्सची सोय) असेल तर नशीब चांगलं. नवी ड्राइव्ह त्याच व्हॉल्यूम ग्रुपमध्ये घालायची आणि 'पीव्हीमूव्ह' चालवायचं. डेटाबेस चालूच राहतो, खालचे ब्लॉक एकेक करून पलीकडे सरकतात, मध्ये लाइट गेली तर काम तिथून पुढे सुरू करता येतं. वरचे बहुतेक उपद्व्याप यात लागतच नाहीत. खरं तर नवा सर्व्हर मांडताना एलव्हीएम करून ठेवण्याचं हेच सगळ्यात सबळ कारण.

एलव्हीएम नसेल तर रेप्लिका. एक्स्ट्राबॅकअप या साधनानं चालू सर्व्हरची सुसंगत प्रत घ्यायची, नव्या ड्राइव्हवर दुसरा मायएसक्यूएल वेगळ्या पोर्टवर उठवायचा, तो मूळ सर्व्हरच्या बरोबरीला येऊ द्यायचा, आणि मग ॲप्लिकेशन तिकडे वळवायचं. बंद राहण्याचा वेळ मिनिटभराचा. फोल्डर जसंच्या तसं कॉपी करून रेप्लिका केली असेल तर 'ऑटो सीएनएफ' ही फाइल काढून टाका. तिच्यात सर्व्हरची ओळख असते, दोघांची ओळख एकच राहिली तर रेप्लिकेशन अडतं.

मायएसक्यूएलडंपनं सगळं मजकुराच्या रूपात काढून पुन्हा भरणं हा मार्ग ६०० जीबीला शक्यतो नको. काढणं सोसतं, भरताना प्रत्येक इंडेक्स (शोधासाठीची सूची) नव्यानं बांधला जातो आणि त्यात दिवस जातो. एक फायदा मात्र आहे. ओळी डिलीट केल्या तरी इनोडीबीची फाइल आकसत नाही, ती सूज फाइल कॉपीत तशीच जाते आणि डंपमध्ये झडते. त्यापुरतं 'ऑप्टिमाइझ टेबल' नंतर निवांत करता येतं, आता जागा आहेच.

विंडोजवर एसक्यूएल सर्व्हर असेल तर 'ऑल्टर डेटाबेस, मॉडिफाय फाइल'नं नवा पत्ता नोंदवा, डेटाबेस ऑफलाइन करा, एमडीएफ (डेटा) आणि एलडीएफ (लॉग) फाइली कॉपी करा, ऑनलाइन आणा. 'ॲक्सेस डिनाइड', एरर ५ आला तर नव्या फोल्डरवर सर्व्हिसच्या खात्याला परवानगी दिलेली नाही. ड्राइव्ह फॉरमॅट करताना ॲलोकेशन युनिट ६४ केबी ठेवा, नंतर बदलता येत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये डेटा फोल्डरच्या परवानग्या ०७०० किंवा ०७५० च लागतात, सैल असतील तर सर्व्हर उठायला नकार देतो. टेबलस्पेस (टेबलं ठेवायच्या वेगळ्या जागा) वापरले असतील तर ते सिमलिंकनं बाहेर जोडलेले असतात, ते वेगळे हलवावे लागतात.

दुसऱ्या दिवशी

सकाळी सगळं थोडं मंद वाटलं तर घाबरू नका. मेमरीतली कॅश रिकामी झालेली असते. मायएसक्यूएल बंद होताना कोणती पानं गरम होती त्याची यादी लिहून ठेवतं आणि उठल्यावर ती परत भरतं, पण मुळात ती २५ टक्क्यांचीच असते. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आला असाल तर 'इनोडीबी आयओ कपॅसिटी' (डिस्क सेकंदाला किती वाचन-लिखाण झेपवते त्याचा अंदाज) बघा. ८.० मध्ये ती २०० असते, फिरत्या डिस्कच्या हिशोबानं. एसएसडीला १,००० ते २,००० द्या, नाहीतर नव्या ड्राइव्हला जुन्याच चालीनं चालवल्यासारखं होतं.

त्या रात्रीचा बॅकअप खरंच झाला का ते फाइल उघडून बघा, नुसता लॉग नको. जुन्या फोल्डरची जागा किमान एक महिनाअखेर आणि एक जीएसटी रिटर्न होईपर्यंत मोकळी करू नका. महिन्यातून एकदाच चालणारे रिपोर्ट तेव्हाच चालतात, आणि कुणीतरी कुठेतरी जुना पत्ता हातानं लिहून ठेवलेला असेल तर तोही तेव्हाच बोलतो.